पदरात एक केलेल्या गोळ्या

डॉक्टरनं माझ्या मुस्काटात मारली तवा मला आठवा म्हैना लागला व्हता. सांगलीचा दवाखाना, भरली रांग, सगळ्या पोटुश्या बाया बघत व्हत्या. शालन माझ्या शेजारी, ती बी पोटुशी. तिची वेणी धरून त्यानं तिला भिंतीवर ढकललं. माझ्या पदरातल्या गोळ्या फरशीवर सांडल्या.

आमी चोरी केली नव्हती. गोळ्या वाटून घेत व्हतो.

नवऱ्यानं ट्रकवरनं आणलेला एड्स माझ्या रक्तात निघाला व्हता. शालनचा नवरा त्यातच मेलेला. ती पलूसची, मी वडूजची. तपासणीच्या रांगेत वळख झाली. पोटातल्या पोराला रोग लागू नये म्हणून नवं औषध आलंय, आसं सांगून डॉक्टरनं आमाला एकेक डबी दिली. देवमाणूस म्हणून पाया पडले मी त्याच्या. जळ्ळं माझं डोस्कं.

मग दवाखान्यातली आया बोलून गेली. निम्म्या डब्यांत औषध, निम्म्यांत नुसतं पीठ. कुणाला काय दिलंय ते सांगायचं न्हाई. कुणाची पोरं वाचत्यात आन् कुणाची मरत्यात, ते बघायचं.

टाळकं फिरलं माझं. शालन म्हणाली, "दोघींच्या डब्या एक करू. आसंल ते निम्मं निम्मं." भाकरी मोडून खातो तसं. दोन्ही पोरांच्या वाट्याला थोडं तरी यावं, एवढीच हाव. पदरात वतून गोळ्या एक केल्या, तेवढ्यात डॉक्टर आला.

मी खाली बसून गोळ्या येचाय लागले. त्यानं बुटानं चिरडल्या, माझ्या बोटांसकट.

"सगळा अभ्यास नासवलात," म्हणाला. "चालत्या व्हा. आता काही मिळणार नाही."

मी उठले. त्यानं परत हात उगारला. मी त्यो वरच्या वर धरला आन् पिरगाळला. लय कळवळला.

"तुमची बायकू आसती तर तिला कुठली डबी दिली आसती?"

त्यानं रखवालदाराला हाक मारली. रखवालदारानं मला दंडाला धरून फरफटत फाटकाभाईर टाकली.

माझं पोर चालाय लागायच्या आदीच गेलं. शालनचं जगलं. आदी पोटात गेलेल्या गोळीनं का आपसूक, कुणाला ठावं.

आता त्याच फाटकाशी आमी दोघी उभ्या ऱ्हातो. आत जाणाऱ्या पोटुशीला आडवून सांगतो, डबीत काय हाय ते आदी इचार. सगळ्यास्नी खरं औषध दिल्याबिगर एकीचं बी रक्त काढू देणार न्हाई. आन् त्यो डॉक्टर आडवा आला, तर त्याचा हात मोडून त्याच्याच हातात दीन.