न वाचलेली ओळ

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मी भाजी घेत होतो, तेव्हा सेनगावकडच्या एका ओळखीच्या जीपवाल्याने सांगितले, "सर, तुमचे थावरा राठोड गेले की. परवाच." मेथीची जुडी हातातच राहिली. 'तुमचे' हा त्याचा शब्द तेव्हापासून टोचतो आहे... थावरा माझा होता, यात शंका नाही. मी त्याचा किती होतो, हे लिहून पाहावे म्हणून महिनाभराने बसलो आहे.

सेनगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. थावरा जवळच्या तांड्यावरचा, कोरडवाहू शेती करणारा, चौथी शिकलेला. दसरा झाला की तांडा ऊसतोडीला निघे आणि माझ्या वर्गातल्या मुली आईबापांबरोबर जात. उन्हाळ्यात परतत तेव्हा काहीजणींचे लग्न ठरलेलेच असे. थावराने हट्ट धरला, पोरी मागे ठेवायच्या. दोन-चार घरांनी ऐकले. संध्याकाळी सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक, मग समाजमंदिरात अभ्यास, आणि त्याआधी उजेड असेपर्यंत खो-खो. शिट्टी त्याची, शिव्याही त्याच्याच. "ए सुमे, खो देऊन राहिली का हळद लावून राहिली?" असे तो ओरडे आणि पोरी हसून मैदानातच फतकल मारीत. ही सुमन त्याच्या भावाची मुलगी, सगळ्यांत चपळ. दर रविवारी मी इंग्रजी शिकवायला जाई. गेलो की बोलणे सुरू होण्याआधी थावरा माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवी.

तांड्यावर गूळ म्हणजे नुसता पाहुणचार नव्हे. सोयरीक जुळली की चार माणसांसमोर गूळ खातात. खाल्ला की शब्द पक्का, मग कोणी कागद मागत नाही.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या सुमारास मुंबईची एक कंपनी गावोगावच्या तरुणांसाठी मदत देऊ लागली होती. मागे राहणाऱ्या पोरींसाठी अर्ज मी लिहिला, चांगल्या इंग्रजीत, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. कंपनीचे साहेब आले. धान्याची पोती, पुस्तके, आणि पाठीवर कंपनीचे नाव छापलेले पिवळे शर्ट घेऊन आले. तांड्याच्या प्रमुखाने, नायकाने, पितळी ताटात गूळ आणला, साहेबांनी खाल्ला, फोटो निघाला. मग त्यांनी एक पत्र दिले. थावराने ते माझ्यापुढे धरले. "सर, मोठ्यानं वाचा. समद्यांना कळू द्या."

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. शेवटच्या ओळीत लिहिले होते की ही मदत चालू वर्षापुरती आहे, पुढच्या वर्षासाठी कंपनी बांधील नाही. मी मान वर केली. बाया गात होत्या. थावरा पटक्याच्या टोकाने डोळे पुसत होता. मी पत्राची घडी घातली. "बस, एवढंच," म्हणालो. नंतर एकट्याला सांगू, असे ठरवले. नंतर बरेच रविवार आले...

पुढच्या दसऱ्याला जवळजवळ सगळ्या घरांनी मुली मागे ठेवल्या. गूळ खाल्ला गेला होता ना! दिवाळी झाली तरी धान्य आले नाही. मी म्हणालो, "थावरा, फार भरवसा ठेवू नकोस." तो हसला. "काहून, सर? गूळ खाल्लाय त्यांनी. माणूस हाय, येळ व्हते." सेनगावच्या एसटीडी बूथवरून आम्ही फोन केला. साहेबांची बदली झाली होती आणि कंपनीने यंदा दुसरा जिल्हा घेतला होता. थावराने बैलजोडी विकली आणि आईबाप परत येईपर्यंत पोरींना जेवू घातले. लोक परतले तेव्हा आभार कोणी मानले नाहीत. "तुझ्या सायबानं गूळ खाल्ला, आमच्या लेकरांनी काय खावं?" असे त्याच्या तोंडावर बोलले.

त्यानंतरच्या दसऱ्याला सगळ्या मुली गेल्या. बैल नव्हते, म्हणून थावरानेही कोयता उचलला. त्या हिवाळ्यात वसमतच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून मला सुमन दिसली. साडीवर तोच पिवळा शर्ट, पाठीवर कंपनीचे नाव, हातात कोयता. दहावीला बसायची होती ती.

कंपनीला मी वर्षानुवर्षे मनात शिव्या घातल्या. ते सोपे होते. त्यांनी निदान लिहून तरी दिले होते.

बाजारातून बातमी घेऊन परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो. थावराच्या बायकोने, सोनीबाईने, प्लास्टिकच्या पिशवीतले ते पत्र माझ्यापुढे ठेवले. घड्यांवर झिजून त्याचे चार तुकडे व्हायला आले होते. मी म्हणालो, "वहिनी, यातली एक ओळ मी तेव्हा..."

"ठाव हाय," ती म्हणाली. "जोडी इकली त्याच्या आदल्या दिवशी सुमननं वाचून दावली. तुमीच शिकवलं व्हतं न्हाई का तिला!"

"मग थावरा मला कधी काही बोलला नाही..."

"सरांना इचारू नको म्हणले. त्यांना तकलीफ व्हईल."

निघताना तिने त्याच्यासारखाच माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो मला तोंडात टाकता आला नाही. रुमालात बांधून आणला. माझ्या टेबलावर, शब्दकोशाशेजारी तो पडून आहे. मुंग्या लागल्या आहेत. मी त्या झटकत नाही.