परबमामांची दहा काडतुसं

परबमामा सकाळी बँकेत आले की माझ्या टेबलावरचे कागद बाजूला सारायचे आणि पट्ट्यातली दहा काडतुसं एकेक काढून ओळीने उभी करायचे. आमच्या मुलुंडच्या शाखेचे ते बंदूकधारी रक्षक. एजन्सीकडून आलेले, पण बंदूक आणि काडतुसं त्यांच्या स्वतःच्या परवान्यावरची. मी असिस्टंट मॅनेजर, म्हणून काडतुसं मोजून वहीत सही करायचं काम माझं. मी नुसती नजर टाकून पेन उचललं की ते वहीवर पंजा ठेवायचे. "मॅडम, हातात घेवन मोजा. नजरेन मोजलेला माका चालूचा नाय." मला त्यांचा वैताग यायचा, खोटं कशाला सांगू?

भांडुपच्या टेकडीवर त्यांची एक खोली होती. चामड्यात पितळ हिरवं पडतं म्हणून रोज घरी गेल्यावर काडतुसं पट्ट्यातून काढायची, पुसायची, डब्यात घालून ट्रंकेत ठेवायची. बंदूक वेगळ्या कपाटात. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, ट्रंकेची मामींकडे. "दोन्ही किल्ल्यो एका कमरेक नको," ते सांगायचे. "माणसाचो राग कितीसो? किल्ली शोधीपर्यंत उतरता."

घर ते बँक ते चालत यायचे आणि वाटेत चहालाही थांबायचे नाहीत. एकदा संध्याकाळी घरी जाताना वाटेतच चुलतभावाची तिरडी उचलायची तयारी चालली होती. मामा थांबले नाहीत. आधी घर गाठलं, सगळं कुलपात टाकलं, मग धावत आले. तोवर तिरडी निघून गेली होती. त्या घराने त्यांच्याशी बोलणं टाकलं ते कायमचंच.

शाखेत काडतुसांसाठी एक छोटं कुलपाचं कपाट मिळावं, असा अर्ज त्यांनी तीनदा केला. "तुमच्या दहा फटाक्यांसाठी कपाट?" असं म्हणून आमचे मॅनेजर हसले. कपाट आलं, त्यात मॅनेजरांनी गिफ्टच्या डायऱ्या भरल्या.

त्या जानेवारीत शाखेत महिला ग्राहकांचं हळदीकुंकू होतं. वरचे साहेब येणार, फोटो निघणार. मॅनेजर म्हणाले, "बंदूक राहू दे कोपऱ्यात, तो पट्टा काढा. बायका घाबरतात." मामा ऐकेनात. शेवटी मी पुढे झाले. "द्या हो इकडे, मी सांभाळते."

"परवानो माझो आसा मॅडम. दुसऱ्याच्या हातात देवक येणा नाय."

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

त्यांनी पट्टा सोडला आणि पुढे केला. "मोजून घेवा." मी मोजली नाहीत. स्टेशनरीच्या खोलीत एका खिळ्याला पट्टा अडकवला आणि वाण वाटायला पळाले.

संध्याकाळी परत दिला तेव्हा नऊ निघाली.

आम्ही शाखा पालथी घातली. मॅनेजर म्हणाले, "एक तर आहे यार, उडवलं म्हणून लिहून टाका." मामा म्हणाले, "उडवला तर रिकामा कवच दाखवूक लागता." टोपी घातली आणि स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. मामांनी घडलं ते सगळं सांगितलं, पट्टा माझ्याकडे दिल्याचंही. फौजदार माझ्याकडे वळला. माझा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आठवड्यावर होता. मी म्हटलं, "पट्टा दिवसभर त्यांच्याच अंगावर होता." मॅनेजरांनीही मान डोलावली. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्या विरोधात पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

परवाना गेला. एजन्सीने त्याच आठवड्यात घरी बसवलं.

चार महिन्यांनी एका ग्राहकाला जुनं कॅलेंडर हवं होतं. पट्टा अडकवला होता त्या खिळ्याखालच्या खोक्यात कॅलेंडरच्या गुंडाळ्या उभ्या होत्या. त्यातली एक उलटी केली, तर काडतूस माझ्या पायाशी पडलं. रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि रिक्षाने भांडुप गाठलं. मला वाटलं होतं, मामांना बरं वाटेल. ते दोन पावलं मागे सरले.

"पर्समधून आणलंस?" मामा पहिल्यांदाच माझ्याशी एकेरीत बोलले. "माझो परवानो गेलो. आता ह्येका हात लावलंय तर मी चोर. ठाण्यात जा. खंय गावला ता सांग. पट्टो कोणाकडे होतो, ता पण सांग."

"आजच जाते," मी म्हटलं. मामींनी केलेला चहाही प्यायले.

ठाण्याच्या फाटकापर्यंत गेले. आतला हवालदार "काय पाहिजे?" म्हणाला आणि मी "काही नाही" म्हणून परतले. मला प्रमोशन मिळालेलं होतं. काडतूस आजही माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, विनापरवाना. कामाची बाई कपाट पुसायला घेते तेव्हा मी तिला ओरडते.

यंदा गणपतीच्या आधी परबमामा गेले. मी भेटायला गेले. मामी दाराकडे बघत म्हणाल्या, "दार लोटूक देईत नव्हते ओ. म्हणायचे, मॅडमनी सांगितला असतला, पोलीस इचारूक येतले. शेवटपर्यंत ह्याच." मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, "तुमी सांगितलास ना?"

मी "हो" म्हटलं.