न थांबलेली जीप

आमच्यात सुनेनं, म्हणजे केलिननं, सासरच्या गावातल्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. मी घेते. काल्मुर्झाआकेंचं नाव या रस्त्यावर लोकांनी इतकं वाईट घेतलं, की निदान एका बाईनं तरी ते नीट घ्यायला हवं.

आके म्हणजे थोरला भाऊ; सगळं गाव त्यांना तेच म्हणायचं. ते जीप चालवायचे. जुनी रशियन, राखाडी, मागच्या दाराला मुठीच्या जागी दोरी. आमच्या उंचावरच्या आलीचूर गावाहून माणसं खाली खोरोग शहराला न्यायची आणि येताना पीठ, चहा, जे मिळेल ते आणायचं. त्यांच्या जीपमधून कुणी वेळेवर पोहोचल्याचं मला आठवत नाही. रस्त्यात कुणी हात केला की ते थांबायचे. हात केला नाही तरी थांबायचे. कुणाचं बॉनेट उघडं दिसलं की यांची गाडी बाजूला लागलीच. एकदा नवरदेवाला घेऊन निघाले आणि वाटेत कुणाच्या तरी ट्रकचं चाक बदलत बसले. तिकडे नवरीकडची माणसं वाट बघून बघून जेवायला बसली. आकेंची बायको सालिया म्हणायची, "देवानं ह्यांच्या गाडीला नुसते ब्रेकच दिलेत."

याचं कारण गावाला ठाऊक होतं. आके लहान असताना त्यांचे वडील खिंडीत गाडी बंद पडून गोठून गेले. सापडले तेव्हा त्यांच्या पायांजवळ बर्फात दुसऱ्या एका गाडीच्या चाकांचे माग होते. ती गाडी तिथं हळू झाली होती आणि पुढे निघून गेली होती. आके यावर कधी बोलत नसत. ते फक्त थांबत.

दरवर्षी थंडी कडक व्हायच्या आधी ते गाडीखाली जुनं घोंगडं टाकून आडवे व्हायचे आणि पेट्यांमधलं तेल बदलायचे. एक गिअरची पेटी, आणि तिच्या मागे चिकटलेली दुसरी, चारही चाकांना जोर वाटून देणारी, ट्रान्सफरची पेटी. दोन्हींना दोन दोन बोल्ट. खालच्यातून जुनं तेल काढायचं, वरच्यातून नवं भरायचं. आके आधी वरचा बोल्ट सैल करून बघत, मगच खालच्याला हात लावत. तेल काढून टाकलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर भरणार कुठून? काढलेलं तेल बोटांत चोळून त्यात धातूचा चुरा चमकतो का तेही बघत. इतका जपून वागणारा माणूस.

माझी मुलगी झैनेप लहान होती त्या वर्षी तेलाचा एकच डबा हाती लागला होता आणि तो गिअरच्या पेटीतच संपला. दुसरा डबा गावातली दुसरी जीप संध्याकाळी मुर्गाबहून आणणार होती. ट्रान्सफरची पेटी तोवर उघडायचं कारण नव्हतं. पण माझा नवरा एर्मात बादली घेऊन शेजारी उभा राहिला. आमच्या याकांना खरूज झाली होती, आणि खरजेवर या जुन्या काळ्या तेलासारखा दुसरा इलाज नाही.

"आके, ती दुसरी पण रिकामी करून टाका ना. एवढ्याशा तेलात एक जनावर होत नाही."

"आणि उद्या केली तर?"

"उद्यापर्यंत अंग घासून घासून गोठा पाडतील ती."

आके हसले. वरचा बोल्ट सैल केला, मग खालचा काढला. त्यांच्या जीपचं तेल आमच्या याकांच्या पाठीवर गेलं.

संध्याकाळी वादळ उठलं. मुर्गाबला गेलेली जीप आली नाही, फोनचा टॉवर बंद पडला. आणि सकाळी माझ्या झैनेपचे ओठ निळे झाले.

आठवडाभर ती खोकत होती. नर्सनं येऊन छातीला नळी लावली आणि मला बाहेर घेतलं. म्हणाली, "हिची छाती भरलीये. इथली विरळ हवा हिला पुरायची नाही. आजच्या आज खोरोगला उतरवा. जेवढं खाली जाल तेवढा हिला श्वास सापडेल."

मी तशीच आकेंच्या दारात गेले. एर्मात माझ्या मागून आला, मान खाली घालून.

"केलिन, पेटी कोरडी आहे गं," आके म्हणाले. "अशीच काढली तर पहिल्याच चढाला दाते खाऊन टाकेल."

"इंजिनमधलं थोडं काढलं तर?" एर्मातनं विचारलं.

"मग इंजिन काय तुझ्या याकांच्या आशीर्वादावर चालवू?"

सालिया चुलीपाशी होती. तिनं मागं न बघता म्हटलं, "चरबी घाला."

दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटाच्या मेंढ्याच्या, शेपटाची चरबी आमच्या प्रत्येक घरात असते, पण सगळ्यांनी ती मीठ लावून ठेवलेली, आणि मीठ लोखंडाला खातं. सालियाचा मुलगा रशियातून यायचा होता. त्याच्यासाठी तिनं एक आख्खं शेपूट बिनमिठाचं टांगून ठेवलं होतं. तिनं ते उतरवलं, चिरलं, वितळवलं, डोक्याच्या रुमालातून गाळलं. आके गाडीखाली गेले. वरच्या बोल्टाच्या भोकात रबरी नळी घातली आणि चहाच्या किटलीनं ती उकळती चरबी पेटीत ओतली, पार भोकातून ओघळेपर्यंत.

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि आम्हाला सांगितलं, "गाडी चालत राहिली तर पेटी गरम राहील आणि चरबी पातळ. थांबलो की ती थिजली. मग दाते तिच्यात चर पाडून कोरडेच फिरणार. पुन्हा हलायचं म्हणजे खालून स्टोव्ह लावून तासभर शेकत बसायचं. तेवढा वेळ पोरीकडे नाही. तेव्हा आता थांबायचं नाही. कुणाला जाऊन यायचं असेल तर आत्ताच या."

पेट्रोलवर चालणारा, लांब ज्वाला फेकणारा तो स्टोव्ह त्यांनी पायाशी ठेवला, सोबत पेट्रोलचा कॅन. आम्ही निघालो. पेटी तापली तसा गाडीत रश्श्याचा वास भरला, सणाच्या दिवशी घरात भरतो तसा. झैनेप माझ्या मांडीवर होती आणि तिच्या प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. मी तिच्या नाकाशी तळहात धरून बसले होते. दुसरं काही मला दिसत नव्हतं, दिसायला नकोही होतं.

कोइतेझेक खिंडीच्या चढावर एक ट्रक कलंडून उभा होता. आमचा आवाज ऐकून त्याचा ड्रायव्हर रस्त्याच्या मधोमध धावत आला, दोन्ही हात वर करून. आकेंचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला गेलेला मी पाहिला. त्यांना तो उचलावा लागत नसे, आपोआप उचलला जायचा.

"थांबू नका," मी म्हणाले.

"केलिन, माणूस आहे तो."

"ही पण माणूसच आहे."

आकेंनी सर्वांत खालचा गिअर टाकला. जीप माणसाच्या चालीनं सरकू लागली. त्यांनी काच खाली केली आणि ओरडले, "पळ! दार धर आणि चढ, मला थांबता येत नाही." एर्मातनं मागचं दार ढकलून हात बाहेर काढला. तो माणूस पळाला. त्या उंचीवर, गुडघाभर बर्फात, रात्रभर गारठलेला माणूस कितीसा पळणार? त्याच्या हातात दाराची दोरी आली. दोन पावलं तो तिच्याबरोबर आला. मग दोरी सुटली आणि तो तोंडावर पडला.

याहून हळू जीप चढावर चालली नसती. आकेंनी एका हातानं अंगातला फरचा कोट ओढून काढला आणि बाहेर टाकला. भाकरीचं गाठोडं टाकलं. मग वाकून स्टोव्ह उचलला आणि तोही बाहेर बर्फात सोडला, त्याच्यामागून पेट्रोलचा कॅन.

"आके, स्टोव्ह कशाला? आपणच कुठं अडकलो तर?" एर्मात म्हणाला.

"आता अडकायचं नाही."

खिंड उतरेपर्यंत आके रडत होते. आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं, आणि पाय तसाच दाबलेला. आरशात ते परत परत बघत होते. मला त्या माणसाची दया आली नाही. खोटं कशाला बोलू? आजही तोच रस्ता, तीच पोर असेल तर मी तेच म्हणेन.

खोरोगच्या इस्पितळाच्या आवारात जीप थांबली आणि तिथंच थिजली. झैनेपच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. तिच्या ओठांवर रंग येईपर्यंतही आके थांबले नाहीत. नुसत्या स्वेटरवर बाजारात गेले, एका ट्रकवाल्याचे पाय धरून त्याला घेऊन उलटे खिंडीत गेले. तो माणूस जिवंत होता. पेट्रोल संपल्यावर त्यानं सीटा फाडून जाळल्या होत्या आणि कोटात गुंडाळून बसला होता. त्याचं नाव नझरशो, खोरोगकडचाच, आमच्याहून वेगळी भाषा बोलणारा. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तो आकेंना म्हणाला, "गाडीत जागा होती. मी बघितली."

"होती," आके म्हणाले. बस एवढंच.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. "चरबीचं सांगा ना त्याला. माझं नाव सांगा."

"त्याची बोटं गेली, केलिन. वर माझी कारणंही त्यानंच ऐकायची का? आणि तूही काही बोलायचं नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. माझ्या आयुष्यातला सर्वांत मूर्ख शब्द.

ड्रायव्हरांच्या चहाच्या टपऱ्यांमधून गोष्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली: आलीचूरचा काल्मुर्झा हात वर केलेल्या माणसाला टाकून गेला. खोरोगला त्यांना भाडं मिळेना. ते टपरीत शिरले की बाकावरची माणसं पसरून बसत. तरी आके थांबायचे. बॉनेट उघडून बसलेल्या माणसाजवळ गाडी लावायचे, पाना घेऊन उतरायचे, आणि तो माणूस वरही न बघता म्हणायचा, "पुढे जा, आके. तुम्हाला जमतं ते." मी एकदा गाडीत होते तेव्हा हे कानांनी ऐकलं. आकेंनी पाना परत ठेवला आणि गाडी सुरू केली. घरी येईपर्यंत मी जीभ दाताखाली धरून बसले.

असे ते म्हातारे झाले. दरवर्षी गाडीखाली आडवे व्हायचे, आधी वरचा बोल्ट, मग खालचा. यंदा बर्फ वितळताना एका सकाळी उठलेच नाहीत.

रीतीप्रमाणे घरासमोर तंबू उभा केला. पुरुष कमरेला पट्टे बांधून काठ्यांवर वाकून दाराशी रांगेत उभे राहिले, बायका आत रडायला बसल्या. रक्ताचे नातेवाईक रस्त्यापासूनच मोठ्यानं आक्रोश करत येतात. बाकीचे गुपचूप येतात, दुवा मागतात, चहा घेतात. दुपारी रस्त्यावर एक ट्रक थांबला आणि एक माणूस गुपचूप आला. दुवा मागून बसला. मी चहा दिला. त्यानं वाटी अंगठ्यानं आणि एका बोटानं धरली.

"कुणाचं घर आहे, माहीत आहे ना?" मी विचारलं.

"माहीत आहे," नझरशो म्हणाला. "घरात मृत्यू झालेला दिसला की जाणाऱ्यानं थांबायचं असतं. मी थांबतो."

माझ्या डोक्यात आग पेटली. शब्द ज्यांना दिला होता ते आता मातीखाली होते. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. रिकामी पेटी, आमचे याक, सालियाची चरबी, थांबलं की थिजणार ते. "थांबू नका म्हणणारी मी," मी म्हणाले. आणि बायकांमधून झैनेपला हाताला धरून आणलं. "ही मांडीवर होती."

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"मग तो स्टोव्ह?"

"एकच होता."

"मला वाटलं, भिकाऱ्यासारखं माझ्यापुढे टाकलं," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला तेच वाटलं."

वाटी खाली ठेवून तो उठला, भाकरी न मोडता बाहेर गेला. मला वाटलं, गेला. मी दारात आले. तो ट्रकपर्यंत गेला, टायरला हात टेकून उभा राहिला. मग वळला आणि रस्त्यापासून परत यायला लागला, अडखळत, मोठ्यानं रडत, आमच्या भाषेत, "आके, माझे आके" म्हणत.

दाराशी उभ्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते थोडे थोडे सरकले आणि रांगेत त्याला जागा करून दिली.