पाय धुवायचं पाणी

त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. गोंदियातल्या एका जुन्या, महागड्या हॉटेलात तो खोल्या दाखवायचा. कोट विटका, पण बटणं सगळी लावलेली. त्यानं गादी दाबून पाहिली, नळ सोडला आणि गरम पाणी येईपर्यंत धारेखाली बोट धरून उभा राहिला.

"एवढ्या पैशाची आहे का ही खोली?" मी विचारलं.

"गादी चांगली हाये. एसी लय आवाज करते. कोन येऊन रायला?"

"मोठा भाऊ. माझ्या मुलीच्या लग्नाला."

"अन् तुमचं घर?"

"इथंच, मुर्रीला."

खरं सांगायचं तर बारा वर्षांपूर्वी त्या घरातून भावाला मीच जा म्हटलं होतं. माफी मागायची हिंमत नव्हती, म्हणून ही खोली.

म्हाताऱ्यानं नळ बंद केला. "मंग कायले पैसे फेकता, भाऊ? इथं दारात त्याले पाय धुवायले पानी कोन देईन?"

मी खोली घेतली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी भाऊ आमच्या फाटकाशी येऊन थबकला. मी पाण्याचा गडवा घेऊन पुढे झालो. त्यानं चपला काढल्या.