त्या बायकांची नावं पुन्हा एकदा

बोरीहून निघाले त्या दिवशी जीप विहारासमोर येऊन थांबली, कारण आमच्या गल्लीत ती वळत नाही. अर्धी वस्ती जमली होती. बाबा जिंतूरला तहसिलीत कारकून. त्यांनी रजा टाकली होती आणि बॅगा टपावर नीट बांधल्यात का, हे ते पुन्हा पुन्हा बघत होते. जीप सुरू झाल्यावर माय खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "तिकडं गेल्यावर हळू आवाजात बोलू नको."

मी निघाले होते जर्मनीला, प्राचीन भाषांवर पीएच.डी. करायला. गावात कुणाला ते नीट सांगता यायचं नाही, मलाही. बाबा सोपं करून सांगायचे, "आपण विहारात जी वंदना म्हणतो ना, तिचा अर्थ लावायलीय ती." ते खरंच होतं. लहानपणी रोज संध्याकाळी पालीतली वंदना म्हणायचो, तोंडपाठ, अर्थ न कळता. एकदा मी अर्थासाठी हट्ट धरला, तेव्हा बाबांनी परभणीहून पालीचं व्याकरण आणून दिलं. माझं सगळं शिक्षण तिथून सुरू झालं.

आता माझं आयुष्य ट्राम, निवासाचं परमिट, डेडलाइन आणि कॉफी मशीन यांत वाटलं गेलंय. कडक रायब्रेडला शेंगदाण्याची चटणी लावून खाते. स्वप्नं मात्र अजून मराठीत पडतात, आणि त्यात सगळे 'लय' म्हणतात.

आमच्या विभागात दर हिवाळ्यात 'प्राचीन जग' नावाची व्याख्यानमाला होते. मी गेले तेव्हा ते प्राचीन जग अथेन्सला सुरू व्हायचं आणि रोमला संपायचं. फार तर इजिप्तपर्यंत जायचं. थिसिस झाल्यावर मला तिथंच नोकरी लागली, आणि एका वर्षी मालेत बोलायचं आमंत्रण आलं. मी विषय कळवला: सह्याद्रीतल्या लेण्यांवर कोरलेले दानलेख आणि दान देणाऱ्या बायका. माला चालवणाऱ्या प्राध्यापक बाईंनी प्रेमानंच सुचवलं की दख्खनचा रोमशी व्यापार होताच, त्यावर बोललीस तर श्रोते जास्त येतील; दानलेखांना शेवटची दहा मिनिटं दे.

दोन दिवस मी तसं लिहूनही बघितलं. मग बाबांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रोमचं सांगायला त्यांच्याकडं लय माणसं हायत, बाई," ते म्हणाले. "आपलं सांगायला तिथं तूच हायस."

मी प्राध्यापक बाईंना कळवलं की विषय बदलणार नाही. त्या नाराज झाल्या नाहीत. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस, एवढं म्हणाल्या.

व्याख्यान दुपारी होतं. गावाकडं तेव्हा अंधार पडला होता. चुलतभावाच्या लॅपटॉपवर माय आणि बाबा ऑनलाइन बसले होते. हॉल निम्माच भरला होता. मी त्या प्राकृत ओळी आधी मोठ्यानं वाचल्या, मग अर्थ सांगितला. कुणी माळ्याची बायको, कुणी भिक्खुणी; कुणी पाण्याचं टाकं खोदवलं, कुणी आख्खं लेणं. आणि सांगितलं की दगडात 'लेण' असं कोरलेला तो शब्द माझी आई आजही वापरते.

प्रश्न सुरू झाले तेवढ्यात हॉलच्या स्पीकरमधून बाबांचा आवाज आला, "आवाज जायलाय का?" लोक हसले. पण प्राध्यापक बाईंनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं, माझे वडील. मग त्यांचा काही प्रश्न आहे का, विचार, असं त्या म्हणाल्या.

मी विचारल्यावर बाबा बाईंना उद्देशून म्हणाले, "प्रश्न न्हाई. त्या बायकांची नावं पुन्हा एकदा वाच म्हणावं. सावकाश."

मी त्याचं भाषांतर केलं. हॉलमधलं हसू थांबलं. मी पहिल्या स्लाइडवर परत गेले आणि एकेक नाव सावकाश वाचलं. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ, आयुष्यभर ग्रीक शिकवलेले, ती नावं स्वतःच्या लिपीत लिहून घेत होते. शेवटचं नाव वाचतानाही माझा आवाज हळू झाला नाही.

पुढच्या वर्षापासून मालेत दख्खनवर दर हिवाळ्यात एक तरी व्याख्यान होतं. वक्ते मी ठरवते.

गेल्या सुट्टीत बोरीला गेले, तेव्हा बाबांनी न विचारताच विहारात माझं भाषण ठेवून टाकलं होतं. शाळेतून प्रोजेक्टर मागवला, भिंतीवर पांढरी चादर लावली. त्याच स्लाइड्स, तीच नावं, फक्त भाषा आपली. बायका पुढं बसल्या होत्या आणि मध्येच प्रश्न विचारत होत्या: टाकं खोदवायला बाईच्या हातात पैसा कुठून आला, नवऱ्यानं आडवलं नसंल का? तिकडं असे प्रश्न मला कुणी विचारले नव्हते.

घर कुठं, असं आता कुणी विचारलं तर मला एका गावाचं नाव घेता येत नाही. जिथं मला जे सांगायचं ते मोठ्यानं आणि पूर्ण सांगता येतं, ते घर. अशी दोन झालीत, आणि दुसरं मी स्वतः उभं केलंय.

भाषण संपल्यावर शेजारची बाई मायला विचारत होती, तिकडच्या लोकांपुढं पण असंच बोलली का गं ही?

"असंच," माय म्हणाली. "एक शब्द कमी केला न्हाई."