तिसरा हात

आमच्या ह्यांना सगळे ‘फिनिशिंग’ म्हणतात. तीस वर्षं लोखंडी कपाटांना स्प्रे-गनने रंग मारला, पण एक ओघळ कधी सोडला नाही. घरात मात्र या सवयीने माझा जीव नकोसा झालाय.

ह्यांचे दादा, म्हणजे माझे मोठे भाऊजी, घड्याळं दुरुस्त करायचे. पाय गेल्यापासून ते मुलाच्या घरी खिडकीशी बसून असायचे. सहा महिने खपून त्यांनी लाकडाच्या काड्यांचा विमानाचा सांगाडा केला. रबराला पीळ देऊन उडणारं, खरंखुरं विमान. रविवारी त्यांची मुलगी त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन जाणार होती. त्याआधी समोरच्या मैदानावर ते उडालेलं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. सांगाडा ह्यांच्या हातात देताना ते म्हणाले, “कागद चढव, रंग नुसता शिंपड. नव्वद ग्रॅमच्या वर गेलं तर दगड होईल.”

कागद सुरेख चढला. पाणी फवारलं, वाळला तसा ताणून बसला. मग रंगाच्या स्प्रेचे डबे आले आणि माझं नशीब फुटलं. गन ह्यांच्या हुकमात असायची, डबा थुंकायचा. एका पंखावर ओघळ आला. ह्यांनी घासला, तर कागद फाटला. ठिगळ लावलं. ठिगळ दिसतंय म्हणून रंगाचा दुसरा हात, दुसऱ्यात धूळ बसली म्हणून तिसरा. गच्चीवरचे माझे कपडेही निळे झाले.

“अहो, वजन तरी बघा!” मी स्वयंपाकघरातला काटा पुढे सरकवला.

“ओघळ असलेलं काम दादाच्या हातात देऊ? आयुष्यभर माझ्या चुका काढत आलाय तो.”

मीच ठेवलं काट्यावर. एकशे बेचाळीस. संतापाने मला रडूच कोसळलं. ह्यांनी काटा उचलून ठोकून पाहिला. मग म्हणाले, “काटा बिघडलाय.” आता कपाळ आपटायचं तरी कुठे!

शनिवारी संध्याकाळी आम्ही ते घेऊन गेलो. निळं, गुळगुळीत, तोंड दिसेल असं. भाऊजींनी ते दोन बोटांवर तोललं. क्षणभरच. त्यांनी मैदानाकडे पाहिलं नाही, रबरालाही हात लावला नाही.

“छान झालंय हं,” ते म्हणाले. “एक डाग नाही. तिकडे खोलीत टांगून ठेवीन.”

त्यांच्या सुनेने चहा आणला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. आम्ही निघालो. जिन्यात दुसऱ्याच पायरीवर हे मटकन बसले.

“आज तो मला ओरडला का नाही गं?”

वाटेत सुनावायची म्हणून मी सकाळपासून शंभर वाक्यं जमवून ठेवली होती. मी शेजारी बसले.