वाक्य न तोडणारं माणूस हवं

माझी थोरली बहीण लोकांचं ऐकण्याचा पगार घेते. आधी ती एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. रिटायर झाल्यावर ती घरी बसून आमचं डोकं खाणार अशी मनाची तयारी मी केली होती, पण कुणीतरी परदेशातल्या एका छोट्या बुटांच्या कारखान्याशी तिची गाठ घालून दिली आणि मी वाचले. कारखाना म्हणजे नवरा-बायको, बायकोचा भाऊ आणि हाताखाली चारदोन कारागीर. ज्यांचे पाय सुजतात, ज्यांचा एक पाय आखूड आहे, अशांसाठी ते मापाचे बूट शिवतात. गिऱ्हाइकं बहुतेक म्हातारी. म्हातारी माणसं मेसेज पाठवत बसत नाहीत, सरळ फोन लावतात. ते फोन इथे, ताईने भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत वाजतात आणि तिने निवडलेल्या बायका ते घेतात. मी तिथे चहा करते, आलेल्या माणसांना बसवते आणि ताईची बोलणी खाते. यातल्या शेवटच्या कामाचा पगार वेगळा हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणूस निवडायची तिची पद्धत जगावेगळी. आलेल्या उमेदवाराचं ती तोंड बघत नाही. मी त्या बाईला आतल्या खोलीत फोनपाशी बसवायचं, दार लावायचं आणि बाहेर येऊन ताईला फक्त मान हलवून सांगायचं. नाव नाही, शिक्षण नाही, कुणाची कोण ते नाही. चेहरा बघितला की कान मंदावतात, असं तिचं म्हणणं. मग बाहेरच्या खोलीतून ताई स्पीकरवर फोन लावणार आणि गिऱ्हाइकाचं सोंग घेणार. सोंग दर वेळी एकच: एकटा म्हातारा, त्याचा डावा बूट चावतो. बोलणं सगळं त्या लोकांच्या भाषेत; ताई ती हॉस्पिटलात परदेशी पेशंटांचे फोन घेता घेता शिकली, आणि ऐकून ऐकून आता मलाही येते.

"बूट चावतो" इथपर्यंत सगळ्याजणी नीट असतात. मग ताई म्हणते, "तसा तो काही फार चावत नाही, पण..." आणि थांबते. चक्क गप्प बसते. खरी परीक्षा ती. पलीकडची बाई घाईघाईने म्हणते, "पण सैल होतोय का?" किंवा "पण बदलून हवाय ना? देते की." झालं, नापास. गिऱ्हाइकाचं वाक्य आपण पुरं केलं की त्याला जे सांगायचं होतं ते त्याच्या पोटातच राहतं, असं ताई मला कित्येकदा ऐकवून चुकली आहे. त्या 'पण'च्या पुढे काय असतं, तर म्हाताऱ्याच्या बुटाच्या नाड्या त्याची बायको बांधायची आणि आता ती नाही. त्याला वाकता येत नाही. बूट चांगलाच आहे, त्याला नाड्यांऐवजी पट्टा लावून द्यायला हवा. पण हे कळायला थांबावं लागतं, आणि थांबणं कुणाच्या बापाला जमत नाही. तीन-तीन पदव्या घेतलेल्या पोरीही तिथे पाय घसरून पडलेल्या मी बघितल्या आहेत, आणि एकदा मी स्वतःही पडले आहे.

आता घरची गंमत ऐका. हीच ताई घरी कुणाचं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाही. मी ताईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, संध्याकाळी जेवायला खाली जाते, त्यामुळे डोळ्यांनी बघते. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, कधीच हात टेकले. तो हं आणि हां एवढ्यावर संसार चालवतो. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा चांगली बोलकी होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, आज भाजीत..."

"मीठ कमी असेल. घे वरून," ताई म्हणाली आणि मिठाची बरणी पुढे सरकवली.

सूनबाईने बरणीकडे बघितलं, चिमूटभर मीठ घेतलं आणि जेवायला लागली. असं रोज होत गेलं. हळूहळू ती वाक्याची सुरुवातही करेनाशी झाली. "घुमी आहे आमची सून, तोंड उघडायला मुहूर्त लागतो तिला," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला तिचा राग यायचा. पण थोरल्या बहिणीला कोण सांगणार, आणि सांगायला गेलं तरी माझंही वाक्य तीच पुरं करणार.

मग सूनबाई ज्या प्रवास कंपनीत कामाला होती, ती बंद पडली. पोरगी घरी बसली. तिला ती परकी भाषा येत होती, फोनवरचं कामही येत होतं, आणि ताईला एक माणूस हवंच होतं. भाच्याने जेवताना विषय काढून बघितला. ताईने तोडूनच टाकलं. घरातलं माणूस कामावर घ्यायचं नाही, कामावर बोललं की घरी फुगून बसतात, आणि शिवाय ती फोनवर बोलणार काय, कपाळ?

दुसऱ्या दिवशी सूनबाई माझ्याकडे वर आली. चहाचा कप हातात तसाच धरून बसली. शेवटी ती म्हणाली, "मावशी, मला ही नोकरी हवीय. मला दिवसातून एकदा तरी एक अख्खं वाक्य बोलायचंय. नाहीतर बोलायचं कसं असतं तेच मी विसरून जाईन."

नाव सांगायचं नाही हा नियम ताईचाच होता. मी तो पाळायचं ठरवलं.

ठरल्या दिवशी दोघीजणी परीक्षा देऊन नापास होऊन गेल्यावर मी सूनबाईला मागच्या जिन्याने आणून आतल्या खोलीत बसवलं. बाहेर येऊन मी मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायच्या मिषाने ताईच्या पाठीशी उभी राहिले. ताई हॉस्पिटलात असताना नुसत्या "हॅलो"वरून डॉक्टर ओळखायची, खोकल्यावरून वॉर्डबॉय ओळखायची. ती पहिल्या शब्दालाच हिला पकडणार आणि फोन ठेवून देणार, याची मला खात्री होती.

सूनबाईने नमस्कार केला, चौकशी केली. आवाज मोकळा, शांत, थोडा हसरा. ताईच्या भुवया वर गेल्या, पण ओळखीने नाही. तिला तो आवाज आवडला होता.

"तसा तो काही फार चावत नाही, पण..." ताई थांबली.

पलीकडूनही आवाज नाही. गॅसवर पाणी उकळायला लागलं. मी गॅस बंद केला. पोरगी थांबलीच होती. ही थांबायची सवय तिला कुठे लागली, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. शेवटी ताईलाच राहवलं नाही, तिने नाड्यांचं आणि बायकोचं सांगून टाकलं. मग सूनबाई म्हणाली, "बूट पाठवून देऊ नका. पट्टा लावायला माणूस येईल तुमच्याकडे. आणि त्यांची बांधायची पद्धत कशी होती, ते सांगाल मला?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ताई सोंग सोडून आपल्या भाषेवर आली. "कुठे शिकलात हो तुम्ही असं बोलायला?"

"घरी," सूनबाईही आपल्या भाषेत म्हणाली. "घरी ऐकायचं काम खूप असतं."

एवढं होऊनही ताईने ओळखलं नाही. तिने फोन ठेवला, माझ्याकडे वळून "हीच पाहिजे," म्हणाली, आणि उठून हौसेने दार उघडलं.

ती दारातच उभी राहिली. मी मागून तिची पाठ बघत होते.

"घरातलं माणूस घ्यायचं नाही, हा माझा नियम आहे," ती म्हणाली.

सूनबाई उठून उभी राहिली. पर्स उचलली. "आई, मी फक्त..."

"फक्त बघायला आली होतीस. कळलं."

सूनबाईने पर्स खाली ठेवली. "नाही. मी नोकरी मागायला आले होते. एवढंच सांगणार होते मी."

ताई तशीच मागे येऊन खुर्चीत बसली. मी पुढे केलेला चहा तिने घेतला नाही. "मी हिचा आवाज ओळखला नाही गं," ती मला म्हणाली. "माझ्याच घरातला आवाज." तिचे डोळे भरून आले होते. आमची आई गेल्यानंतर मी तिला अशी बघितली नव्हती. तेव्हा मी तिला टोमणा मारू शकले असते, मनात तयारही होता. मी तो गिळला.

थोड्या वेळाने तिने परदेशात मालकाला फोन लावला आणि सांगितलं, की माणूस मिळालं आहे, पण ती माझी सून आहे, तेव्हा चालेल का ते तुम्हीच ठरवा. मालक म्हणाला, त्याच्याकडे तर कारभार घरच्यांचाच आहे, आणि बायकोचा भाऊ सोडला तर कुणाबद्दल तक्रार नाही. सूनबाईला सोमवारपासून यायला सांगितलं.

संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. भाजी ताईने केली होती. मग सूनबाई म्हणाली, "आई, आज भाजीत..."

ताईचा हात मिठाच्या बरणीकडे गेला. बरणीवर तसाच राहिला. भाच्याने खाली घातलेली मान वर केली. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि तिला ते किती जड जातंय ते मला समोर दिसत होतं. पण ती थांबली.

"आज भाजीत सगळं छान जमलंय," सूनबाई म्हणाली. "मला तुमच्या हातचीच आवडते. त्या दिवशीही मी हेच सांगणार होते."